पाटी नसलेली खानावळ

तीर्थस्वरूप वहिनीस,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो होतो. ज्या टेबलावर लिहितोय त्याचा एक पाय आखूड आहे. त्याखाली पुठ्ठा सरकवायला वाकलो, त्यातच तुझा नमस्कार उरकून घेतला.) तुझी कंबर आता कशी आहे? दादाचा खोकला? आईच्या चष्म्याची काडी बदलली, की अजून दोराच आहे? मी इथे सुखरूप आहे, खाऊनपिऊन आहे. जरा जास्तच खाऊन आहे, आणि त्याचीच हकिगत पुढे येते. सहा महिन्यांत पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. खरं तर रागावायचा हक्क माझा, कारण भरल्या ताटावरून उठून मी गेलो, तू नव्हेस. पण मी तो राग सोडून दिला आहे. मनाचा मोठेपणा म्हण. फोनच करणार होतो. पण फोन दादा उचलतो, आणि त्याचं ते 'हं, बोल' ऐकलं की माझं डोकं फिरतं, मग बोलायचं राहतं आणि भांडायचं होतं. म्हणून पत्र. यात मागणी कसलीही नाही, हे आधीच सांगून ठेवतो. निवांत वाच.

सध्या मी एका लॉजच्या काउंटरवर असतो. चौदा खोल्या, समोर चौक, चौकात घड्याळाचा मनोरा आणि त्या मनोऱ्याचे फोटो काढायला कुठून कुठून आलेली माणसं. (घड्याळ बंद आहे. तरी काढतात.) चौकाच्या चारी बाजूंना हॉटेलं, आणि प्रत्येकाच्या दारात एक माणूस उभा. तो येणाऱ्याजाणाऱ्याला, हरवलेला भाऊ सापडल्यासारखा दंडाला धरून आत नेतो आणि पदार्थांचे फोटो असलेलं जाड प्लास्टिकचं कार्ड पुढ्यात ठेवतो. आमचे पाहुणे तिथे एकदा जेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर कोपर टेकून हळूच विचारतात, "ते सगळं ठीक आहे हो, पण तुम्ही स्वतः कुठे जेवता?" आठ दिवस मी गोड बोललो. (आठ! तुला खरं वाटणार नाही.) नवव्या दिवशी एकाला म्हणालो, "मी जेवतच नाही, तुमच्या प्रश्नांनीच पोट भरतं." मालक मागेच उभे होते. त्यांनी मला काढून टाकलं नाही. त्याहून वाईट केलं, काम दिलं. म्हणाले, प्रश्न बरोबर आहे, उत्तर तू शोध. चौकापासून लांब, गावातली माणसं खरोखर जेवतात अशा बारा जागा शोधायच्या, प्रत्येकीवर एक पान लिहायचं, आणि ती पुस्तिका छापून खोल्याखोल्यांतून ठेवायची.

मी नाहीच म्हणणार होतो. पण लॉजच्या पावत्यांचा मजकूर पोचवायला म्हणून मालकांनी छापखान्यात पाठवलं, आणि वहिनी, तिथे खिडकीखालच्या टेबलावर ती बसली होती. प्रूफं तपासते. कानावर लाल पेन्सिल, कोपराला शाईचा डाग, आणि कागदावरून नजर न उचलता "ठेवा तिथे" म्हणण्याची अशी काही तऱ्हा की मी कागद ठेवला आणि स्वतःही तिथेच राहिलो. (हसू नकोस. कॉलेजमधलं प्रकरण वेगळं होतं. तेव्हा मी लहान होतो. त्याला आता वर्ष झालं.) त्या छापखान्याची एक रीत आहे, ती आत्ताच सांगतो, कारण पुढचा सगळा घात तिनेच केला. तिथे कोणी कोणाला नावाने किंवा नात्याने हाक मारत नाही, कामाने मारतात. मशीनवर जे वयस्कर गृहस्थ आहेत ते 'फोरमन', ही 'प्रूफ', आणि मी दुसऱ्या दिवसापासून 'लॉज'. "प्रूफ, हे पान बघ." "फोरमन, समास कमी झालाय." "लॉज, कागदावर हात ठेवू नका." असं चालतं.

आता खरी जागा ओळखायची कशी, हा प्रश्न. पहिले पाच दिवस मी अकलेने गेलो आणि पाचही दिवस पोट बिघडलं. मग हळूहळू नियम सापडत गेले. जिथे फोटो असतात तिथे फोटोच चांगले असतात. जिथे दारात बोलवायला माणूस उभा करावा लागतो तिथे आतल्या माणसाचं काही खरं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: दुपारी साडेबाराला कामावरच्या माणसाच्या मागे जायचं. जो हातांनी काम करतो त्याला भूक खरी लागते, आणि खरी भूक वाईट जागी दोनदा जात नाही. नियम सोन्यासारखा आहे, फक्त माणूस बरोबर निवडावा लागतो. पहिल्यांदा एका वायरमनच्या मागे गेलो. तो एका जिन्यावरून वर गेला, मीही गेलो, खुर्च्या मांडलेल्या होत्या, बसलो. अर्धा तास झाला तरी कोणी काही विचारेना आणि समोरचे सगळे गाल धरून बसलेले. तो दातांचा दवाखाना होता. (तपासून घेतले. एक दाढ किडली आहे.) दुसऱ्यांदा दोन नर्सबाईंच्या मागे गेलो. त्या तीन गल्ल्या चालल्या, मग एकदम वळल्या आणि त्यातली मोठी मला म्हणाली, "आमच्यामागे काय आहे रे तुझं?" मी म्हणालो, "भूक." हे उत्तर प्रामाणिक होतं, पण रस्त्यात देण्यासारखं नव्हतं.

पोस्टमननं मात्र तारलं. त्याच्या मागोमाग लाकडाच्या वखारीमागे गेलो, तर पत्र्याखाली चार बाकं आणि चुलीपुढे एक धिप्पाड बाई. मी विचारलं, आज काय आहे? त्या म्हणाल्या, "जेवण." म्हटलं, जेवणात काय? म्हणाल्या, "बसलास तर कळेल." बसलो. वहिनी, नुसतं वांगं आणि भात, पण मी बोटं चाटत होतो आणि डोक्यात तिची लाल पेन्सिल नाचत होती. इतक्यात एक हमाल येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. बोलेना, हलेना, नुसता उभा. शेवटी बाई म्हणाल्या, "सरक. अकरा वर्षं ती त्याची जागा आहे." त्या दिवशी मला जे कळलं ते दीड वर्षाच्या कॉलेजात कळलं नव्हतं: खऱ्या खानावळीत माणसाची जागा ठरलेली असते आणि ती कुठे लिहिलेली नसते. मग मला नादच लागला. कोण कुठे बसतो, मालक स्वतः काय खातो, उरलेलं कुठे जातं, कोणाला न विचारता जास्त वाढतात. भांडणंही झाली, तुझ्यापासून काय लपवायचं. बसस्टँडमागच्या एकाला मी मीठ कमी आहे म्हणालो. त्याने बरणीच आणून पुढ्यात आदळली आणि म्हणाला, "घे, संसार कर हिच्याबरोबर." पण लिहिलं मी चांगलंच. त्याचं कालवण चांगलं होतं, त्याला मी काय करणार?

अशा अकरा जागा झाल्या. प्रत्येक पान घेऊन मी छापखान्यात जायचो आणि एका स्वल्पविरामासाठी परत परत जायचो. ती माझा मजकूर असा तपासायची जसं कोणी तांदूळ निवडतं. 'अप्रतिम' हा शब्द मी सतरा ठिकाणी वापरला होता, सतराही ठिकाणी तिने काट मारली. "अप्रतिम म्हणजे तिखट की आंबट?" असं विचारलंन. मला राग आला, मी जिना उतरून खाली गेलो, आणि खाली जाऊन लक्षात आलं की तिचं बरोबर आहे, म्हणून परत वर आलो. एकदा तिने विचारलं, शिक्षण किती? म्हटलं, कॉलेज दीड वर्ष. पुढचं? पुढचं सोडलं, सरांशी वाजलं. मग पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघत म्हणाली, "आणि यादीतही अकराच. बारावी जागा कुठाय? का सगळं अर्ध्यावरच सोडायची रीत आहे तुमच्याकडे?" वहिनी, दादा हेच वाक्य मला दहा वर्षं म्हणतोय आणि दर वेळी मी दार आपटलंय. या वेळी दारापर्यंत गेलो आणि ते हळूच लोटून घेतलं. ठरवलं, बारावी जागा सापडल्याशिवाय हिला तोंड दाखवायचं नाही. शनिवारी मजकूर छापायला जायचा होता. त्या दिवशी वार मंगळवार.

आता फोरमनबद्दल. या साऱ्या काळात ते माझे एकमेव सल्लागार होते. मशीन थंड होताना चहा घ्यायचे, मी शेजारच्या कागदांच्या गठ्ठ्यावर बसायचो आणि मन मोकळं करायचो. सगळं सांगितलं. तिच्या कोपराच्या डागाचंसुद्धा. विचारलं, "फोरमन, ही प्रूफ स्वभावाने कशी आहे हो?" म्हणाले, "करडी." "वडील आहेत का?" "आहेत." "ते कसे आहेत?" "त्याहून." "करतात काय?" चहाचा घोट घेऊन म्हणाले, "सहन करतात." मी त्यांना म्हणालोसुद्धा, असल्या बापाला पटवायचं म्हणजे अवघड काम, काही युक्ती सांगा. त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. म्हणाले, "घाई करू नकोस." केवढा समजूतदार माणूस, असं मला वाटलं.

हेच फोरमन रोज साडेबाराला हात पुसून निघायचे आणि सव्वाला परत यायचे, ते चेहऱ्यावर अशी तृप्ती घेऊन की नुकतं दूध प्यालेलं मांजर. ते आले की प्रूफ निघायची. (मशीन एकटं सोडत नाहीत, म्हणून आळीपाळीने जातात, असं मला सांगितलेलं. खोटं नव्हतं ते.) मी त्यांना कितीदा विचारलं, जेवता कुठे? उत्तर ठरलेलं: "वाढतात तिथे." म्हणजे लपवतात! आणि जी जागा माणूस लपवतो ती खरी, हा तर माझ्या नियमांचा कळसच. बुधवारी साडेबाराला मी त्यांच्या मागे निघालो.

दोन वळणं, एक अरुंद जिना, पहिल्या मजल्यावर उघडं दार. पाटी नाही. दाराबाहेर चपलांचे सहा जोड. (त्यातले चार एकट्या आजोबांचे निघाले, ते जुनी चप्पल टाकत नाहीत.) आत लांब टेबल, त्यावर फुलाफुलांचं मेणकापड, टोकाला एक म्हातारबुवा जेवताहेत. फोरमन दिसले नाहीत, आत हात धुवायला गेले असणार. पाटी नाही, फोटो नाहीत, बोलावणारा नाही, कामाचा माणूस आत शिरलेला, मुरलेलं गिऱ्हाईक टेबलावर. माझ्या सगळ्या नियमांत बसणारी जागा आयुष्यात पहिल्यांदा दिसत होती. मी जाऊन बसलो. आतून एक बाई आल्या, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता ताट ठेवलं. (त्यांना वाटलं फोरमननी छापखान्यातलं कोणी आणलंय. आजोबांना वाटलं नळवाला आला. मला वाटलं, काय शिस्त आहे!) भात, कालवण, दुधीची भाजी, वर एक उकडलेलं अंडं. मी वही काढली, मेणकापडावर ठेवली आणि खाता खाता लिहायला लागलो. मोठ्याने म्हणालोसुद्धा, "भात मोकळा, झकास. कालवणात मीठ चिमूटभर कमी." बाई म्हणाल्या, "आजोबांना चालत नाही मीठ." मी म्हणालो, "एका गिऱ्हाइकासाठी सगळ्यांना शिक्षा कशाला?" बाई हसल्या. त्यांना वाटलं, मुलगा विनोदी आहे. मी पुढे विचारलं, एका वेळी सोळा पाहुणे आले तर जमेल का. त्या हसतच आत गेल्या.

जेवण झालं तसे आजोबा उठले आणि म्हणाले, "चल, आता नळ बघ." मला वाटलं, हात धुवायचा नळ दाखवताहेत. मोरीत नेलं आणि माझ्या हातात पाना दिला. मी भडकलो. म्हटलं, जेवायला आलेल्याला कामाला लावता? पण आजोबांना ऐकू कमी येतं, त्यांना वाटलं मी तयार झालो. "हां, तोच," म्हणाले. रागाच्या भरात मी तोटीला असा एक हिसडा दिला की ती माझ्या हातात आली आणि पाणी थेट छताला. मी तळहाताने पाइपचं तोंड दाबलं. दाबलं की थांबायचं, सोडलं की कारंजं. अशा अवस्थेत असताना फोरमन बनियनवर बाहेर आले. (ते आधी जरा पडतात, मग जेवतात. त्या दिवशी डोळा लागला होता.) मी ओरडलो, "अहो फोरमन! तुम्हीपण इथेच जेवता वाटतं?"

"एकतीस वर्षं," ते म्हणाले.

"जागा चांगली आहे. मालकीणबाई जरा अबोल आहेत, पण हाताला चव आहे."

"माझंही तेच मत आहे."

इतका वेळ मला काही कळलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. मी तर बाईंना "किती झाले?" असंही विचारून घेतलं, एका हाताने पाइप दाबून दुसऱ्या हाताने खिसा चाचपत. बाई फोरमनकडे बघायला लागल्या, फोरमन छताकडे. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारातून आवाज आला, "बाबा, दीड वाजला, मशीनपाशी कोणी नाही, मी कुलूप लावून—" आणि कानावर लाल पेन्सिल असलेली ती मोरीच्या दारात उभी.

वहिनी, मी तुला काय सांगू. कोपराचा डाग, 'असल्या बापाला', युक्ती, सगळं एकदम आठवलं, आणि पळून जावं तर हात सोडता येईना. आयुष्यात मी इतक्या जागा सोडल्या, कॉलेज सोडलं, घर सोडलं, दोन नोकऱ्या सोडल्या. एक पाइप मात्र सुटेना. खालची मुख्य चावी गंजलेली, फिरत नव्हती. खरा नळवाला यायला पाऊण तास लागला. तो पाऊण तास मी मोरीत ओलाचिंब उभा, आणि ती टेबलाशी बसून माझी वही तपासत होती. आजोबा म्हणत होते, "पोरगं कामाला चिवट आहे." फोरमन म्हणाले, "मशीन बघून येतो," आणि गेले नाहीत.

ती वाचत वाचत शेवटच्या ओळीवर आली. मी लिहिलं होतं: 'भात वहिनीच्या भाताच्या एक पायरी खाली.' खरं तर मी प्रत्येक पानाच्या खाली असंच लिहायचो, दोन पायऱ्या, तीन पायऱ्या, आणि छापायला देताना खोडायचो. ती म्हणाली, "ही वहिनी कुठली खानावळ?" मग सांगावं लागलं सगळं. की त्या दिवशी डाळ खारट झाली होती, मी बोललो, दादा बोलला, मी ताट सरकवलं आणि बॅग उचलली. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे घरही अर्ध्यावरच." मी चिडलो नाही. चिडायला हात मोकळे लागतात.

नळ बसल्यावर मी वहीतलं ते पान स्वतःच फाडलं. कोणी सांगितलं नव्हतं. सोळा पाहुणे त्या जिन्यावर चपला काढताहेत आणि आजोबांच्या खुर्चीत कोणीतरी बसलाय, असं डोळ्यांपुढे आलं आणि मला तो हमाल आठवला. म्हटलं, यादी अकराचीच राहू दे, शनिवारी मालक काढतील तर काढतील. माझा अवतार आणि हातातला कागदाचा बोळा बघून फोरमन पहिल्यांदा हसले. पण ती हसली नाही. म्हणाली, "बारावी जागा आहे की. इतक्या लोकांचं मीठ मोजलंत, आता एकदा तुम्ही वाढा. छपाईची गडबड सरू दे, पंधरा दिवसांनी येणाऱ्या रविवारी आम्ही चौघं येतो, साडेबाराला." आणि फोरमन म्हणाले, "वही मी आणतो."

तर असं आहे. पुस्तिका छापून झाली. बारावं पान तिने स्वतः लिहिलं: 'बारावी जागा तुमची तुम्ही शोधा. साडेबाराला कामावरच्या माणसाच्या मागे जा. दाराबाहेर चपला दिसल्या, तर बसण्याआधी विचारा.' मालकांना ते इतकं आवडलं की काउंटरवर आता मला कोणी काही विचारत नाही. सगळे सकाळीच कोणाच्या ना कोणाच्या मागे निघून जातात. वायरमन तक्रार घेऊन आला होता.

घरी सगळ्यांना नमस्कार. दादाला 'हं, बोल' म्हणालो म्हणून सांग.

तुझा,
तडतड्या

ता. क. बॅग उचलली तेव्हा चुकून तुझा लहान डबा आत आला होता. मोडलेला नाही. त्यात आता स्वल्पविराम-बिराम खोडलेले जुने कागद ठेवतो.

ता. क. २. मागणी नाही म्हणालो होतो, ती मागणी नव्हेच, नुसती चौकशी समज. भाताला पाणी किती घालायचं? पाच माणसांचा भात, एक शेगडी, एक पातेलं (झाकण नाही, ताटली चालेल का?). दोनदा करून बघितला. पहिला सांडला आणि दुसऱ्याने माझ्या टेबलाचा आखूड पाय चिकटवता येईल. आज सोमवार आहे. पत्र मिळताच उत्तर टाकलंस तर शनिवारपर्यंत पोचेल.

ता. क. ३. हे शेवटचं, आणि हे दादाला वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव. त्या दिवशी तू गच्चीवरचे वाळलेले कपडे काढायला गेली होतीस तेव्हा मी डाळ चाखली होती. अळणी लागली. मला वाटलं तू विसरलीस, म्हणून मीच एक मूठ मीठ घातलं. मग तू येऊन तुझं घातलंस. ताटावर बसलो तेव्हा पहिल्या घासालाच मला सगळं कळलं होतं, पण तोपर्यंत मी बोलून बसलो होतो, आणि एकदा बोललं की मला मागे फिरता येत नाही, तुला माहीत आहे. सहा महिने त्याचंच पत्र लिहितोय, आज पहिल्यांदा शेवटपर्यंत आलं. पाण्याचं तेवढं कळव. मिठाचं मी बघतो. नको, मिठाचंही तूच कळव.